पाऊस गेल्यानंतरची बाग

सोलापूरच्या परसबागेचं वर्ष भाद्रपद सरताना सुरू होतं. उत्तरा नक्षत्राचा पाऊस जमिनीत मुरतो, हस्ताची एखादी सर वरून येते, आकाश मोकळं होतं आणि खुरपं हातात घ्यायची वेळ येते. बागकामाच्या बहुतेक मराठी पुस्तकांत जून महिना पहिल्या पानावर असतो, कारण ती पुणे, मुंबई किंवा कोकण डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. बियाण्यांच्या परदेशी पाकिटांवर मार्च-एप्रिल छापलेलं असतं. ही वेळापत्रकं आपापल्या गावी बरोबर असली तरी सोलापूरच्या अंगणात लागू पडत नाहीत. इथे जूनचा पाऊस भरवशाचा नसतो, जुलै-ऑगस्टमध्ये लांबलचक खंड पडतात आणि मार्च लागला की ऊन पानं करपवायला लागतं. मधले आश्विन ते माघ हे पाच महिनेच काय ते आपले. या काळात घराभोवती, गच्चीवर, दारातल्या दोन हात पट्टीत काय लावावं, कधी लावावं आणि कमी पाण्यात कसं जगवावं, यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

शरद ऋतूतली लागवड म्हटली की जगाच्या मोठ्या भागात वेगळंच चित्र उभं राहतं. थंड मुलखात या दिवसांत बाग आवरतात. ट्यूलिपचे, डॅफोडिलचे कंद मातीत पुरायचे, वर पालापाचोळा पसरायचा आणि बर्फ वितळेपर्यंत वाट बघायची. आपल्याकडे जमीन झोपी जाण्याऐवजी याच दिवसांत कामाला लागते. डिसेंबरच्या रात्री पारा पंधरा अंशांच्या आसपास उतरतो. लसणाला कांडी धरायला, मुळ्याला गोडी यायला, कोथिंबिरीला पानावर राहायला एवढा गारवा पुरतो. बर्फाची भीती नाही, ढगांचा अंधार नाही, ऊन भरपूर. अशी हवा मिळावी म्हणून इतर देशांतले लोक काचेची घरं बांधतात. आपल्याला ती फुकट मिळते आणि आपण त्या महिन्यांत अंगणात फरशी बसवून घेतो, याची मला फार हळहळ वाटते.

जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा सप्टेंबर महिना देतो. बेसाल्ट खडक झिजून झालेली काळी माती हे पाणी शोषून धरून ठेवते. म्हणून सोलापूर रब्बी ज्वारीचा मुलूख झाला. पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते आणि पुढे थेंब पडला नाही तरी पीक जमिनीतल्या ओलीवर हुरड्यापर्यंत येतं. मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात गावरान मालदांडीतून निवडलेलं ३५-१ हे वाण आजही शेतकऱ्यांच्या विश्वासाचं आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. १९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं तेव्हापासून प्रश्न एकच राहिला आहे: पडलेलं पाणी मुरवायचं कसं आणि मुरलेलं टिकवायचं कसं?

परसबागेचा प्रश्नही हाच आहे. इथले शेतकरी म्हणतात, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. काळी माती वाळताना आकसते, तिला भेगा पडतात, त्या भेगांतून खालची ओल उडून जाते आणि मुळं तुटतात. कोळपं फिरलं की भेगा बुजतात आणि वर भुसभुशीत मातीचा थर तयार होतो. त्या थरामुळे खालचं पाणी वर चढून वाऱ्याला लागत नाही. तीन फूट रुंद वाफ्याला कोळपं नको, खुरपं पुरतं. झारीभर पाणी रोज ओतण्यापेक्षा आठवड्यातून एकदा सबंध वाफा दोन बोटं खोल खुरपून घेणं अधिक उपयोगी आहे. सोलापूरच्या शेतीतून परसबागेत आणायची एकच गोष्ट निवडायची झाली तर मी हीच निवडेन.

या जिल्ह्याला भाजीच्या मळ्याचा मोठा वारसा आहे. माढा तालुक्यातलं अरण हे सावता माळी यांचं गाव. पंढरपूर इतकं जवळ असून त्यांनी मळा सोडला नाही, आपल्या भाजीपाल्यातच त्यांना विठ्ठल दिसला, असं वारकरी सांगतात. १२९५ साली त्यांनी देह ठेवला. आजही आषाढी वारीनंतर, त्यांच्या पुण्यतिथीला, पांडुरंगाची पालखी पंढरपूरहून अरणला येते. सगळे संत देवाच्या भेटीला जातात आणि या माळ्याच्या भेटीला देव येतो. वाफ्यात मुळा आणि कांदा लावणाऱ्या माणसाला याहून मोठा मान कुठे मिळाला असेल, असं मला वाटत नाही.

आपले सणही पेरणीचं वेळापत्रक सांगत असतात. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की मुली हादगा खेळतात. हादग्याचं झाड परसात असेल तर त्याच्या फुलांची भाजी होते. फुलझाड आणि भाजीचं झाड अशी दोन्ही कामं करणारं इतकं गुणी झाड विरळाच. त्याच सुमारास घटस्थापना येते. परडीत काळी माती पसरून भोवती धान्य पेरायचं, रोज थोडं पाणी घालायचं आणि दसऱ्याला उगवलेलं धन टोपीत खोवायचं. श्रद्धेचा भाग आपल्या ठिकाणी आहेच. शेतकऱ्याला मात्र पेरणीच्या तोंडावर घरातल्या बियाण्यात किती जीव उरला आहे हेही त्यातून दिसतं. भाजीच्या बियांना हीच परीक्षा लावता येते. ओल्या फडक्यात दहा बिया गुंडाळून ठेवाव्यात. सहा-सातच उगवल्या तर पेरताना बी दाट टाकावं, दोन-तीनच उगवल्या तर ते बी वापरू नये. गेल्या वर्षीचं कांद्याचं बी या परीक्षेत हमखास नापास होतं, कारण कांद्याचं बी फार दिवस टिकत नाही.

याच नवरात्रात शहराच्या पूर्व भागात बतुकम्मा मांडतात. विणकामासाठी तेलंगणातून सोलापुरात येऊन पिढ्यान् पिढ्या इथलेच झालेले पद्मशाली लोक हा सण आणतानाच आपली फुलंही घेऊन आले असतील, असं कुणाला वाटेल. पण तसं करायची गरजच नव्हती. बतुकम्माला लागणारा पिवळा तरवड आणि गुलाबी-पांढरा कुर्डू पाऊस संपता संपता इथल्या मुरमाड माळावर आपोआप फुललेले असतात. फुलांचे थर रचून केलेली ती फुलदेवी बघितली की या ऋतूत सोलापूरची जमीन कुणी न लावताही काय देते ते कळतं. बागेच्या कोपऱ्यात तरवडाचं एक झुडूप जरूर असू द्यावं. एकदा मूळ धरलं की उन्हाळ्यातही त्याला पाणी द्यावं लागत नाही, आणि त्याच्या पानांवर पिवळसर फुलपाखरं अंडी घालतात. रोपवाटिकेत महागडं विदेशी झुडूप घेणाऱ्यांनी आधी माळावर एक चक्कर मारावी, असं माझं मत आहे.

आता लागवडीविषयी थोडं सविस्तर. ऑक्टोबर महिना फसवा असतो. पाऊस थांबलेला, पण दुपारचं ऊन कडक. हवा कोरडी, पण रात्री अजून पुरत्या गार झालेल्या नाहीत. पुष्कळ बागा याच महिन्यात बिघडतात, कारण उत्साहात सगळं एकदमच पेरलं जातं. पहिलं बघायचं ते वाफसा आला की नाही. मूठभर माती दाबावी. हाताला चिकटून लगदा झाला तर थांबावं, आणि लाडू होऊन बोटाच्या टिचकीने फुटला तर पेरावं. ओल्या काळ्या मातीत खुरपं घातलं की तिची ढेकळं बनतात आणि ती पुढे सबंध हंगाम फुटत नाहीत.

घटस्थापनेच्या आगेमागे पावटा, घेवडा आणि वाल टोकावेत. त्यांना उगवायला ऊब लागते आणि फुलायला गारवा, म्हणून ही वेळ अचूक असते. टोमॅटो, वांगी आणि मिरचीची रोपं सप्टेंबरातच वाफ्यावर टाकलेली असावीत. महिनाभराची झाली की ती संध्याकाळी लावावीत, सकाळी कधीही लावू नयेत. टोमॅटोला या दिवसांत पांढरी माशी छळते आणि तिच्यामुळे पानं वाकडी करणारा रोग पसरतो. रोपांवर बारीक जाळी किंवा जुन्या मलमलीचं कापड ठेवणं हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. रोग लागल्यावर औषध नाही, झाड उपटून टाकावं लागतं.

कोथिंबिरीची घाई करू नये. माती तापलेली असताना धने उगवत नाहीत, आणि उगवले तर लगेच फुलावर येतात. दसरा उलटल्यावर धने पायाखाली रगडून दोन फाकी करून पेरावेत आणि दर पंधरवड्याला एक ओळ नव्याने पेरत जावी. एकाच दिवशी सगळा वाफा पेरला तर आठ दिवस गड्डीवर गड्डी आणि पुढे काहीच नाही, अशी गत होते. मेथी महिन्याभरात उपटायला येते, पालक कापत कापत फेब्रुवारीपर्यंत चालतो, मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत काढावा, त्यानंतर तो जून होतो. लसूण कोजागरीपासून दिवाळीपर्यंत लावावा. गड्डी फोडून बाहेरच्या मोठ्या पाकळ्याच निवडाव्यात, टोक वर ठेवून चार-चार बोटांवर खोचाव्यात आणि पुढे पाणी बेतानं द्यावं. उशीर झाला तर पात येते, गड्डी भरत नाही. कांद्याच्या मोठ्या बाजारपेठेच्या गावात राहून परसात कांदा कशाला लावायचा, असं कोणी विचारतात. पातीसाठी लावायचा. ताजी पात आणि मंडईतली पात यांची चवच वेगळी.

दोन पिकं मात्र सोलापूरच्या परसबागेत असायलाच हवीत आणि दोन्ही शहरी बागांतून नाहीशी झाली आहेत. एक हरभरा. दिवाळीआधी मूठभर दाणे फेकावेत. वीतभर वाढले की शेंडे खुडून भाजी करावी. खुडल्यामुळे झाड फुटतं आणि घाटेही जास्त लागतात. पहाटे त्याच्या पानांवर दवाबरोबर आंबट आंब जमते. खेड्यांत ती फडक्याने टिपून घेतात. दुसरं करडई. करडईचं तेल सगळ्यांना ठाऊक आहे, पण कोवळ्या करडईची भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ली नसेल तर हिवाळा अपुरा राहिला असं मी म्हणेन. काटे धरायच्या आत, महिन्याच्या आसपास, रोपं उपटावीत. चार-पाच रोपं कुंपणाच्या कडेला राहू द्यावीत. ज्वारीच्या शेताला जनावरांपासून राखायला शेतकरी कडेनं करडई लावतात, ती रीत इथेही उपयोगी पडते, आणि पिवळी-केशरी फुलं मिळतात ती वेगळीच.

फुलांच्या बाबतीत सगळ्यात जास्त विचारणा होते ती शेवंतीची. झाड डेरेदार आहे, पानं हिरवीगार आहेत, कळी येत नाही. बहुतेक वेळा कारण खतात नसतं, दिव्यात असतं. शेवंती दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की कळी धरते. रात्रीच्या लांबीवर तिचं सारं गणित चालतं. रस्त्यावरच्या दिव्याचा किंवा व्हरांड्यातल्या बल्बचा उजेड तिच्यावर पडत राहिला तर तिच्या लेखी रात्र होतच नाही. कुंडी चार पावलं अंधारात सरकवली की पुष्कळदा प्रश्न सुटतो. ऑक्टोबरात मुळं धरलेली रोपं आणून लावली तर मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेला घरची शेवंती मिळते.

दसऱ्याच्या झेंडूसाठी बी आषाढ-श्रावणातच पेरायला हवं. फुलायला दोन-अडीच महिने लागतात. आत्ता पेरलेला झेंडू संक्रांतीच्या सुमारास भरात येतो. हे फूल मूळचं मेक्सिकोचं. तिकडेही नोव्हेंबरच्या आरंभी पूर्वजांच्या स्मरणासाठी झेंडूच्या राशी मांडतात. टोमॅटो आणि मिरचीही त्याच खंडातून आली. ही मंडळी आपल्या वाफ्यात पुन्हा शेजारी-शेजारी आणावीत, कारण झेंडूच्या मुळांतल्या द्रव्यामुळे मुळांना गाठी करणारे सूत्रकृमी कमी होतात. गलांडा, ॲस्टर, कोरांटी आणि हिवाळ्यात फुलणारा कुंद यांच्यावर पुढे स्वतंत्र प्रकरण आहे. कोरांटीला आजकाल कोणी विचारत नाही, पण आश्विनात फुलणारी आणि दुष्काळात तगणारी तिच्यासारखी दुसरी फुलझुडुपं आपल्याकडे फार थोडी आहेत.

सोलापूरच्या मातीत एक खोट आहे, ती आधीच सांगितलेली बरी. तिच्यात चुनखड असते. त्यामुळे जमिनीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही, आणि गुलाब, जाई, मोगऱ्याची कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. याला शेतकरी केवडा पडला म्हणतात. युरिया घालून तो जात नाही. भरपूर कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत वर्षानुवर्षं घालत राहणं हाच लांबचा पण खात्रीचा रस्ता.

पाण्याचं काय, हा खरा प्रश्न. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि पिण्याचं पाणी झाडाला घालणं कोणाच्याही मनाला पटत नाही. बोअरचं पाणी अनेक पेठांत मचूळ आहे, कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो तो त्याचाच. असं पाणी असेल तर पालक आणि बीट लावावं, ती खारेपण बऱ्यापैकी सोसतात. घेवडा, गाजर आणि कांदा सोसत नाहीत. तांदूळ-डाळी-भाज्या धुतलेलं पाणी बिनदिक्कत वाफ्याला जावं. साबणाचं पाणी कर्दळ आणि केळीच्या आळ्यात सोडावं, पालेभाजीवर नको. आणि एक मडकं पुरावं. बिनझिलईचं, रंग न दिलेलं साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरून भरून ठेवायचं, वर झाकण घालायचं आणि भोवती टोमॅटो किंवा वांग्याची चार रोपं लावायची. मडक्याच्या अंगातून पाणी पाझरतं ते माती मागेल तेवढंच. चीनमध्ये इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या शेतीग्रंथात ही युक्ती सांगितलेली आहे. त्याच्या जोडीला वाफ्यावर उसाचं पाचट किंवा वाळलेल्या पानांचा थर पसरला की दुपारच्या उन्हातही माती हाताला गार लागते.

बियाण्यांबद्दल माझं मत ठाम आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाल, घेवडे आणि इतर भाज्यांचं बी घरच्या घरी राखलं, बायकांना वाटलं, त्यातून परसबागा उभ्या केल्या. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ते काम मोठं आहे, पण त्याची सुरुवात ज्यातून झाली ते कुठल्याही घरात होण्याजोगं आहे. पावट्याचा एक वेल, वांग्याचं एक फळ, मेथीची एक ओळ न तोडता झाडावर पुरती वाळू द्यायची आणि बी राखेत घालून ठेवायचं. संकरित वाणाचं बी राखलं तर पुढच्या पिढीत गुण टिकत नाहीत, म्हणून निदान घरच्या बागेत गावरान वाण लावावं.

या पुस्तकातल्या तारखा अंतिम मानू नयेत. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून शेतकऱ्यांना शिकवलं ते हेच, की आपल्या तुकड्यावरचा प्रयोग आपणच करायचा आणि नोंद आपणच ठेवायची. विजापूर रस्त्यावरची गच्ची आणि अक्कलकोटच्या वाड्यातलं परस यांत आठ-दहा दिवसांचा फरक पडू शकतो. पेरलं कधी, उगवलं कधी, पहिलं फूल कधी, एवढं कॅलेंडरच्या मागे लिहिलं तरी पुरे. असं लिहिलेलं कॅलेंडर ज्या घरात आहे, त्यांना पुढच्या वर्षी या पुस्तकाची फारशी गरज उरणार नाही आणि मला त्याचा आनंदच होईल.

मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवसेला, अक्कलकोटपासून लातूरपर्यंत लोक शेतात जाऊन भज्जी खातात. तिच्यात हिरवी तूर, हरभरा, वाटाणा, पावटा, मेथी, जे काही त्या दिवसांत पिकतं ते सगळं पडतं. पुढे भोगी येते. वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, घेवडा अशी मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी घरोघरी होते, आणि त्याच दिवशी सिद्धेश्वराच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. नवरात्रात टोकलेला पावटा आणि दिवाळीआधी फेकलेला हरभरा बरोबर या दिवसांत तोडायला येतो. मंडईत भोगीच्या आदल्या दिवशी या भाज्यांचे भाव काय होतात ते सोलापूरकरांना सांगायला नको.

माझी एकच विनंती आहे. नवं घर बांधताना किंवा जुन्या वाड्याची डागडुजी करताना सगळं अंगण फरशीखाली घालू नका. भिंतीलगत दोन हात रुंदीची मातीची पट्टी सोडा, पूर्वेकडे किंवा दक्षिणेकडे, जिथे हिवाळ्यातलं ऊन पोचतं. यंदा तिच्यात निदान लसूण, मेथी आणि शेवंतीचं एक रोप लावा.